क्लिफर्ड तेल ठरवतो

"तेलाचं मला विचारा! बाकी कशाचंही विचारू नका, पण तेलाचं मला विचारा!"

क्रॅगलीच्या मॉडेल इंजिनिअर्स क्लबात, म्हणजे हौसेने छोटी यंत्रं बांधणाऱ्यांच्या मंडळात, क्लिफर्ड ब्रॉडबेंट हे वाक्य गेले सहा आठवडे म्हणत होता. खरं म्हणजे कोणीच काही विचारलेलं नसायचं. एखादा बिचारा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा असायचा, आपल्याच कसल्यातरी विचारात. तेवढ्यात क्लिफर्ड त्याच्या कोपराला धरायचा, आणि पुढचा पाऊण तास त्या माणसाचा चहा कपातच गार व्हायचा.

आता या माणसाने जन्मभर केलं काय? अडतीस वर्षं नगरपालिकेत बसून गाड्या लावायचे परवाने दिले! हाताला शाई लागली असेल, पण तेल नाही. निवृत्त झाला आणि अंगात यंत्रं संचारली. घरामागच्या लाकडी शेडमधून बायकोच्या कुंड्या बाहेर गेल्या आणि धातू कापून मापात आणणारं एक नवंकोरं मिलिंग मशीन आत आलं. कमरेएवढ्या टेबलावर बसणारं, हिरव्या रंगाचं, देखणं. ते उचलायला चार माणसं लागली आणि त्या चौघांना आत वाट करून देताना डोरीनची कपडे वाळत घालायची दोरी गेली ती कायमचीच.

डोरीन म्हणजे त्याची बायको. शहाणी बाई. पण एकेचाळीस वर्षं संसार केल्यावर शहाणपण कुठे वापरायचं आणि कुठे गप्प बसायचं हे तिला कळून चुकलं होतं.

एप्रिलच्या बैठकीत क्लिफर्डने उभं राहून भलतीच गोष्ट कबूल केली.

त्याचं असं झालं. क्लबातले सगळ्यात वडीलधारे म्हणजे ईनॉक सग्डेन. वय शहाऐंशी. मागांच्या कारखान्यात एकोणपन्नास वर्षं फिटर. क्लबातल्या अर्ध्या लोकांना कानस धरायला त्यांनीच शिकवलेलं. एकोणीस वर्षं ते एक वाफेचं इंजिन बांधत होते. गुडघ्याएवढं, पण खरंखुरं, कोळशावर चालणारं, मागे चार माणसं बसवून ओढणारं. सगळं झालं होतं. राहिला होता एक सिलिंडर. त्याचं ओतीव तयार होतं, तेवढं एकच, कारण ओतणारी फाउंड्री कधीच बंद पडली होती. फक्त ते मिलिंग करून मापात आणायचं होतं. पण ईनॉकचे हात आता थरथरायला लागले होते.

"ऑगस्टच्या पहिल्या रविवारी जत्रेत ते रुळावर यावं एवढीच इच्छा आहे," ईनॉक बैठकीत म्हणाले. "स्वतः चालवायचंय मला. पुढच्या वर्षी नजर असेल, नसेल."

सगळे खाली बघू लागले. तेवढ्यात क्लिफर्ड ताडकन उठला.

"मी करून देतो! माझं मशीन आलंय! आठवड्यात देतो!"

टाळ्या पडल्या. क्लिफर्डला आयुष्यात टाळ्या अशा पडल्याच नव्हत्या. परवाने देणाऱ्याला कोण टाळ्या वाजवतो? घरी येताना तो हवेत होता. आणि तसाच शेडमध्ये जाऊन मशीनसमोर उभा राहिला तेव्हा त्याला ती गोल काच दिसली.

मशीनच्या डोक्यावर, पुढच्या बाजूला, रुपयाएवढी गोल काच. क्लिफर्डने पुस्तकांत वाचलं होतं, कारखान्यातल्या मोठ्या मशीनच्या गिअरबॉक्सला तेलाची पातळी बघायला अशी खिडकी असते. त्याने बॅटरी मारून आत पाहिलं. आत काहीच नाही!

"डोरीन!" तो शेडच्या दारातून ओरडला. "मशीन कोरडं आलंय! थेंबभर तेल नाही गिअरबॉक्सात! सुरू केलं असतं तर सत्यानाश झाला असता!"

"मग घाल तेल," डोरीन म्हणाली.

"कुठलं?"

झालं! या एका प्रश्नावर एप्रिल गेला, मे आला आणि मे पण चालू लागला.

मशीनसोबत माहितीची पुस्तिका आली नव्हती का? आली होती की! पण पुस्तिका वाचतात ते शिकाऊ लोक, असं क्लिफर्डचं ठाम मत. शेडमधलं चहाचं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या एका पायाखाली पुस्तिकेची घडी अगदी नेमकी बसली. टेबल डुगडुगायचं थांबलं. पुस्तिकेचा तेवढा उपयोग झाला.

मग सुरू झाला अभ्यास. गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल? ते पितळ खातं म्हणे. ट्रॅक्टरचं? फार दाट. करवतीच्या साखळीचं? छे, चिकट! डोरीनच्या मुरंब्याच्या अकरा बरण्या रिकाम्या झाल्या आणि त्यांत अकरा तेलं भरली गेली. चार फ्रिजमध्ये, थंडीत घट्ट होतात का ते बघायला. चार गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावरची बाई मागे वळून वळून क्लिफर्डच्या शर्टाचा वास घेऊ लागली. उरलेल्या तीन बरण्यांतले थेंब तो डोरीनचा केकचा पत्रा तिरका धरून खाली सोडायचा आणि घड्याळ लावायचा.

"दोन नंबरने तीन सेकंदांनी बाजी मारली!" तो ओरडायचा.

"माझा पत्रा आहे तो," डोरीन म्हणायची.

आणि रोज संध्याकाळी सहाला, जेवण झालं की, क्लबातला जो उचलेल त्याला फोन. कधी पर्सी हेलिवेलला, म्हणजे क्लबाच्या अध्यक्षाला. कधी वॉल्टरला. वॉल्टरकडे तर अगदी हेच मशीन, हाच हिरवा रंग!

"वॉल्टर, तू तुझ्यात कुठलं तेल घातलंस?"

मग वॉल्टर खोकायचा.

"मी... मला अजून तशी वेळ आली नाही, क्लिफर्ड."

"बघ! निष्काळजीपणा तो हाच!" आणि पुढे पाऊण तास.

आता इथे आमच्या या खोऱ्यातली एक रीत सांगायलाच हवी. दुसऱ्याच्या शेडमधल्या यंत्राविषयी आपण होऊन बोलायचं नाही. बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली तर एक वेळ चालेल, पण यंत्राबद्दल नाही! विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. क्लिफर्ड विचारायचा, 'दाट की पातळ?' लोक म्हणायचे, 'पातळ बरं.' त्यापलीकडचं त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

मधून मधून ईनॉक भेटायचे.

"काय रे बाळा, सिलिंडरचं कसं काय?"

"तेल ठरलं की लगेच, ईनॉक! घाई करून तुमचं एकुलतं एक ओतीव बिघडवू का मी?"

"नको, नको," ईनॉक म्हणायचे आणि काठी टेकत जायचे. जाताना दोन वेळा थांबून मागे बघायचे. क्लिफर्डला वाटायचं, काय विश्वास आहे म्हाताऱ्याचा आपल्यावर!

जूनच्या सुरुवातीला तेल ठरलं. बरणी क्रमांक सात! क्लिफर्डने त्याचा पाच लिटरचा डबा आणला आणि शनिवारी सकाळी अकराला अख्ख्या क्लबाला शेडमध्ये चहाला बोलावलं. आधी 'गिअरबॉक्सच्या तेलाची निवड' यावर चार शब्द, मग मशीनचा शुभारंभ, मग ईनॉकच्या सिलिंडरला पहिला काप. डोरीनने त्याचा एप्रन कडक इस्त्री करून दिला आणि जॅम भरलेला केक केला.

शनिवारी सकाळी नऊलाच क्लिफर्ड शेडमध्ये हजर. हवा गार होती. मशीनच्या डोक्यावरचा एक स्क्रू काढला, नरसाळं लावलं आणि तेल ओतायला लागला. एक लिटर गेलं. गोल काचेत काही दिसेना. दोन लिटर. काच कोरडी!

"केवढा गिअरबॉक्स आहे बघ!" तो कौतुकाने म्हणाला.

"आत मावतंय का एवढं?" डोरीनने दारातून विचारलं.

"काचेच्या मध्यापर्यंत यायला पाहिजे, हा नियम आहे!"

तीन लिटर. चार. शेवटी डबा उलटा करून त्याने ठोकला. पाच लिटर तेल पोटात घेऊन मशीन गप्प उभं होतं आणि काच मात्र तशीच्या तशी कोरडी. क्लिफर्डने जरा डोकं खाजवलं. मग म्हणाला, "थंडी आहे. गरम झालं की पातळी वर येईल." आणि पाहुण्यांसाठी म्हणून हीटर लावून ठेवला.

अकराला बारा माणसं त्या शेडमध्ये दाटीवाटीने उभी राहिली. पर्सी अध्यक्ष म्हणून फिकट बदामी रंगाचं नवं जाकीट घालून आला होता. वॉल्टर दाराशी, पटकन निघता येईल असा. ईनॉक सगळ्यांत शेवटी आले. त्यांच्या कोटाचा एक खिसा फुगलेला होता, डबा-बिबा असावा आत. काखेत एक फळी होती, आणि फळीला टाचण्यांनी लावलेला मोठा कागद.

"सिलिंडरचं ड्रॉइंग," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नव्याने काढलं. जुन्यावरचे आकडे पुसट झालेत."

क्लिफर्डने पाहिलं. एकेक रेघ सरळ, एकेक आकडा स्वच्छ. फक्त नीट निरखलं तर रेघेच्या कडेला बारीक कापरं दिसत होतं.

"किती दिवस लागले?" डोरीनने हळूच विचारलं.

"तीन आठवडे," ईनॉक म्हणाले. "सकाळी हात जरा बरा असतो. सकाळचा तासभर काढायचो."

त्याने ती फळी मशीनशेजारी, अगदी समोर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"क्लिफर्ड, जरा बाहेर येतोस का?" ईनॉक म्हणाले. "दोन मिनिटं. एक सांगायचं होतं."

"नंतर, ईनॉक, नंतर! सगळे थांबलेत!"

ईनॉकनी पर्सीकडे पाहिलं. पर्सीने केककडे पाहिलं.

मग क्लिफर्ड बोलला. चार शब्द म्हणाला होता, पस्तीस मिनिटं बोलला. बरणी एक ते अकरा, प्रत्येकीचा स्वभाव, प्रत्येकीची खोड. हीटर तापला होता, बारा माणसांचा श्वास कोंडला होता, खिडकीच्या काचा घामेजल्या. मशीनच्या खालच्या अंगाला एक थेंब लोंबू लागला होता. तो वॉल्टरला दिसला. वॉल्टर रीतीप्रमाणे छताकडे बघू लागला.

"आणि आता," क्लिफर्डने बटणावर बोट ठेवलं, "जरा गोल काचेकडे लक्ष द्या! पातळी दिसेल!"

त्याने बटण दाबलं.

गोल काचेत झळझळीत हिरवा दिवा लागला.

क्लिफर्ड बघतच राहिला. तेलाच्या खिडकीत दिवा? अरे, मशीन चालू असल्याची खूण होती ती! साधा दिवा! सहा आठवडे हा माणूस बंद दिव्यात तेल शोधत होता!

पण विचार करायला वेळ कुणाला होता? स्पिंडलचा दांडा गरागरा फिरू लागला आणि हीटरने पातळ झालेलं पाच लिटर तेल वाट मिळेल तिथून बाहेर पडलं. पडलं कसलं, उडालं! गोल, सारखं, सगळीकडे, कोणावरही अन्याय न करता! पर्सीच्या बदामी जाकिटावर छातीभर आडवा पट्टा उमटला. वॉल्टर पटकन निघायला म्हणून दाराशी उभा होता, तो दारातच घसरून बसला. केकवर तर असा थर चढला की वर आणखी जॅम लावलाय असं वाटावं.

"बंद कर! बंद कर!"

"बटण सापडत नाही! बटण बुळबुळीत झालंय!"

शेवटी शहाऐंशी वर्षांच्या ईनॉकनी काठीच्या मुठीने भिंतीवरच्या प्लगची वायर ओढली. मशीन थांबलं. दिवा विझला. सगळ्यांच्या कपाळावरून तेल ठिबकण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

आणि बघा हं, एक माणूस ओरडला नाही! बारा माणसं, डोक्यापासून बुटापर्यंत तेलाने निथळणारी!

"छान... छान वाहतं हं तेल," पर्सी चष्मा पुसत म्हणाला.

"वासही बरा आहे," कोणीतरी म्हणालं.

याने क्लिफर्डला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

डोरीनने काय केलं, खाली वाकली आणि चहाच्या टेबलाच्या पायाखालची पुस्तिका ओढून काढली. टेबल डुगडुगलं. तिने पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, हात पुसून चौथं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं:

"गिअरबॉक्समध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले आहे. तेल घालू नये."

क्लिफर्ड टेबलाला धरून उभा राहिला. टेबल हललं, तोही हलला.

"ग्रीस," तो म्हणाला. "वॉल्टर, तुझ्यात पण..."

"ग्रीसच," वॉल्टर जमिनीवरून म्हणाला. "तू तेल कुठलं एवढंच विचारायचास रे."

तेवढ्यात क्लिफर्डची नजर फळीकडे गेली. ड्रॉइंग! तीन आठवड्यांच्या सकाळी! सगळा कागद तेलाने चिंब झाला होता.

"ईनॉक! तुमचं ड्रॉइंग... मी काय करून बसलो!"

"रेघा पुसल्या नाहीत," ईनॉक जवळ येऊन म्हणाले. "तेलाने कागद पारदर्शक होतो एवढंच. पूर्वी आम्ही मुद्दाम तेल लावायचो, मागचं पुढे दिसावं म्हणून..."

एवढं बोलून ते एकदम गप्प झाले. पर्सीही पुढे सरसावला. "राहू दे, क्लिफर्ड, मी घरी नेऊन वाळवतो तो कागद!"

पण क्लिफर्डला दिसलं होतं. सिलिंडरच्या रेघांमधून मागची पेनने लिहिलेली अक्षरं उमटत होती, उलटी. त्याने टाचण्या काढल्या आणि कागद उलटा केला.

ईनॉक कागद कधी वाया घालवत नसत, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं. पर्सीने सगळ्यांना घरी फोनशेजारी भिंतीवर लावायला दिलेल्या एका सूचनेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ड्रॉइंग काढलं होतं. सूचना पर्सीच्या अक्षरात होती.

*क्लिफर्डचं तेल. फोन कोणी कधी उचलायचा.*
*सोमवार: पर्सी. मंगळवार: वॉल्टर.*

अशी अख्ख्या आठवड्याची नावं. रविवारी दोघे, कारण रविवारी तो जास्त वेळ बोलायचा. आणि सगळ्यात खाली:

*त्याला सांगायचं कोणी? चिठ्ठ्या टाकल्या. ईनॉक.*

क्लिफर्डच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. त्याला वाटलं, या पाच लिटर तेलाबरोबर आपणही फळ्यांच्या फटीतून खाली वाहून जावं.

"तुम्हाला माहीत होतं," तो ईनॉकना म्हणाला. "सहा आठवडे? ऑगस्ट जवळ येतोय, तुमचं इंजिन अडलंय, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"चार वेळा आलो होतो सांगायला," ईनॉक म्हणाले. "प्रत्येक वेळी तू बरण्या घेऊन बसलेला. इतका खुशीत होतास रे. मला नाही जमलं." त्यांनी कोटाच्या फुगलेल्या खिशातून एक पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. "आज सांगणारच होतो. बघ, घेऊनच आलोय."

ग्रीसचा डबा होता तो.

क्लिफर्डला रडू आलं. खरंच आलं. तेलाने माखलेला चेहरा असल्याने कोणाला कळलं नाही, किंवा कळूनही रीतीप्रमाणे सगळ्यांनी केककडे पाहिलं.

"मला लाज वाटते, ईनॉक," तो म्हणाला. "तेलाची नाही. तुम्ही दिवस मोजत होतात आणि मी थेंब मोजत होतो."

"वाटू दे थोडी," ईनॉक म्हणाले. "मग चार नंबरचा पाना घे आणि हे झाकण खोल. लाज वाटून घ्यायला हात लागत नाहीत."

झाकण उघडून, तेल पुसून, ग्रीस भरायला किती वेळ लागला असेल? पंचवीस मिनिटं! डोरीनने केकच्या सुरीने ग्रीस भरलं, अगदी सफाईने, कोपऱ्या-कोपऱ्यात. ईनॉक शेजारी उभे राहून सांगत होते. सोमवारी पहिला काप घेतला. ईनॉक रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे आणि क्लिफर्ड रोज सकाळी तोंड मिटून काम करायचा. ड्रॉइंग तेलकटच राहिलं. कापाकडे बघता बघता मधूनच त्यात 'मंगळवार: वॉल्टर' असं उलटं दिसायचं आणि क्लिफर्डचे कान पुन्हा तापायचे.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी क्रिकेटच्या मैदानामागच्या रुळावर ईनॉकचं इंजिन आलं. त्यांनी स्वतः चालवलं. तीन फेऱ्या! पहिल्या फेरीला मागे डोरीन बसली आणि तिच्या मागे क्लिफर्ड. दुसऱ्या वळणावर ईनॉकनी शिटी वाजवली आणि वाजवतच राहिले. पर्सी जुन्या जाकिटात टाळ्या वाजवत होता, नव्यावरचा डाग धुऊनही गेला नव्हता. क्लिफर्ड मागे बसून मान खाली घालून हसत होता. त्या दिवशी तो कोणाशीही तेलाबद्दल एक अक्षर बोलला नाही. लोक आपापसात म्हणाले, माणूस सुधारला!

दोन दिवसांनी संध्याकाळी सहाला पर्सीचा फोन वाजला.

"पर्सी, क्लिफर्ड बोलतोय. मी काय म्हणतो, ईनॉकनी आणलेलं ग्रीस चांगलंच आहे, प्रश्नच नाही. पण पुढच्या वर्षी बदलायची वेळ येईल. आता ग्रीसमध्ये बघ, एक पिवळं येतं, एक काळं येतं..."

तिकडून भिंतीवरचा कागद सरळ केल्याचा आवाज.

"क्लिफर्ड," पर्सी अगदी अदबीने म्हणाला, "आज मंगळवार ना रे? मंगळवारचा वॉल्टर."